बॉइन नदीच्या काठी वेलस्ली घराण्याच्या शोधात

वसईचा तह, असई, आडगाव, गाविलगड ही नावे महाराष्ट्रात शाळेपासून परिचित असतात. ३१ डिसेंबर १८०२ रोजी बाजीरावाने सही केलेला तह घडवून आणणारा गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली आणि पुढच्या वर्षभरात शिंदे-भोसल्यांच्या फौजा मोडणारा सेनापती आर्थर वेलस्ली हे सख्खे भाऊ होते, हेही आपण वाचलेले असते. मात्र ते कोणत्या घरातून आले, त्या घराची ऐपत काय होती आणि दोघांना इतक्या लांब येऊन नशीब का अजमावावे लागले, याचा उल्लेख आपल्या पुस्तकांत एखाद्या ओळीपलीकडे जात नाही. माझी लेक डब्लिनला नोकरी करते. जूनमध्ये तिच्याकडे गेलो, तेव्हा हातात असलेला आठवडा मी या एकाच घराण्यासाठी राखून ठेवला होता.

सोमवार, डब्लिन

मेरियन स्ट्रीटवरील चोवीस क्रमांकाचे घर आता एका मोठ्या हॉटेलचा भाग झाले आहे. विटांची साधी दर्शनी भिंत, एका रेषेत बसवलेल्या उंच खिडक्या आणि दारावर पंख्याच्या आकाराची काचेची कमान अशी अठराव्या शतकातील डब्लिनची ठरलेली ठेवण येथे दिसते. आर्थरचा जन्म १७६९ मध्ये याच घरात झाल्याचे मानले जाते. त्याचे वडील गॅरेट वेस्ली हे मॉर्निंग्टनचे पहिले अर्ल. गावाकडे जमीनदारी आणि राजधानीत हंगामापुरते घर ही त्या काळच्या आयर्लंडमधील सरदारांची रीत होती. हे सरदार इंग्लंडमधून पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेले आणि प्रॉटेस्टंट होते, तर ज्यांच्या खंडावर त्यांची घरे चालत, ती कुळे बहुतेक कॅथलिक होती. कॅथलिकांना जमीन विकत घेण्यापासून संसदेत बसण्यापर्यंत अनेक गोष्टी कायद्याने बंद होत्या. या घराण्याकडे पाहताना ही चौकट क्षणभरही विसरून चालत नाही.

गॅरेट यांना लौकिक मिळाला तो संगीतामुळे. १७५७ मध्ये त्यांनी डब्लिनमध्ये हौशी वादक-गायकांची संगीतसभा स्थापन केली. सरदार घराण्यांतील स्त्री-पुरुष तिच्यात एकत्र बसून वाजवीत, आणि जलशांतून जमणाऱ्या पैशातून गरीब कारागिरांना बिनव्याजी कर्जे दिली जात. १७६४ मध्ये ट्रिनिटी कॉलेजने त्यांना संगीताचे पहिले प्राध्यापक नेमले. दुपारी त्या कॉलेजच्या दगडी चौकात फिरताना मला हा माणूस मनापासून आवडू लागला. त्यांनी रचलेली समूहगीते पुढे बराच काळ गायली जात होती. हिशेबाच्या बाबतीत मात्र त्यांचा हात सैल होता. १७८१ मध्ये ते वारले, तेव्हा जहागीर गहाण पडलेली होती आणि थोरला रिचर्ड अवघा वीस वर्षांचा होता.

संध्याकाळी डब्लिन कॅसलमधील सेंट पॅट्रिक सभागृह पाहिले. सेंट पॅट्रिकच्या नावाची सरदारांची मानाची श्रेणी १७८३ मध्ये निर्माण झाली, तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत तरुण रिचर्ड होता. काही वर्षांनी आर्थर याच किल्ल्यात आयर्लंडच्या व्हाइसरॉयच्या तैनातीतला एक कनिष्ठ अधिकारी म्हणून वावरत होता. १७८७ मध्ये त्याला सैन्यात पहिली जागा मिळाली तीही थोरल्या भावाच्या वशिल्याने. घरात मालमत्ता उरली नव्हती, उरली होती ती ओळखपाळख.

मंगळवार, फीनिक्स पार्क

आर्थर पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. त्याचे फीनिक्स पार्कमधील वेलिंग्टन स्मारक दुरूनच दिसते. करड्या दगडाचा हा चौकोनी निमुळता स्तंभ ६२ मीटर उंच आहे. रॉबर्ट स्मर्कच्या आराखड्यानुसार १८१७ मध्ये पायाभरणी झाली, पैसा अपुरा पडल्याने काम रखडले आणि ते १८६१ मध्ये पूर्ण झाले. तोपर्यंत आर्थरला जाऊन नऊ वर्षे लोटली होती. पायथ्याशी ब्राँझचे मोठे फलक आहेत, आणि ते वॉटर्लूच्या लढाईत हस्तगत केलेल्या तोफा वितळवून ओतले आहेत. एकावर वॉटर्लू आहे आणि दुसऱ्यावर नागरी व धार्मिक स्वातंत्र्य, म्हणजे आर्थर पंतप्रधान असताना १८२९ मध्ये कॅथलिकांना मिळालेले संसदीय हक्क. तिसऱ्या फलकाचा विषय भारतातील युद्धे हा असून तो जोसेफ रॉबिन्सन कर्क या शिल्पकाराने घडवला आहे.

त्या तिसऱ्या फलकासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. शेजारी कोरलेल्या ओळींचा आशय असा आहे की, तू वाचवलेले आशिया आणि युरोप तुझे अमर नाव गात आहेत. युरोपचे युरोपने ठरवावे. परंतु श्रीरंगपट्टण, अहमदनगर, असई आणि गाविलगड येथे आशियाला कोणापासून वाचवले गेले, हे मला त्या दगडाला विचारावेसे वाटले. आर्थर फौजेसह २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यात पोहोचला आणि १३ मे रोजी बाजीराव पुन्हा मसनदीवर बसला, पण तो तैनाती फौजेच्या आधाराने. यशवंतराव होळकरांच्या भीतीने वसईला पळालेल्या पेशव्याने आपले परराष्ट्र व्यवहार कागदावर सोडून दिले होते. पंधरा वर्षांत पेशवाईच संपली. हा इतिहास ज्या जमिनीवर घडला तेथला माणूस ‘वाचवले’ हा शब्द वाचून पुढे जाऊ शकत नाही.

उद्यानाच्या आतील पांढऱ्या इमारतीत आज आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष राहतात. पूर्वी तो व्हाइसरॉयचा बंगला होता. भारतातून परतलेला रिचर्ड १८२१ ते १८२८ आणि पुन्हा १८३३-३४ मध्ये आयर्लंडचा व्हाइसरॉय म्हणून येथे राहिला. आपल्याला तो राज्ये गिळणारा म्हणून माहीत आहे, तर येथे कट्टर प्रॉटेस्टंटांनी त्याला कॅथलिकांचा कैवारी ठरवले होते. कॅथलिक राजाला हरवणारा प्रॉटेस्टंट राजा तिसरा विल्यम याच्या पुतळ्याला वार्षिक सजावट करून कॅथलिकांना डिवचण्याची प्रथा त्याने रोखली, तेव्हा डिसेंबर १८२२ मध्ये नाट्यगृहात त्याच्या दिशेने बाटली भिरकावण्यात आली. १८२५ मध्ये त्याने याच बंगल्यात मॅरियान पॅटरसन या अमेरिकन कॅथलिक विधवेशी दुसरे लग्न केले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या चार्ल्स कॅरोलची ती नात होती. एकाच माणसाने गंगेकाठी जे केले आणि डब्लिनच्या लिफी नदीकाठी जे केले, ते शेजारी शेजारी ठेवले तर त्याच्याविषयीचे मत सहजासहजी ठरत नाही. कलकत्त्यात १८०० मध्ये त्यानेच फोर्ट विल्यम कॉलेज काढले, तेथे विल्यम कॅरी मराठी शिकवू लागला आणि १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण छापून निघाले, हेही याच हिशेबात धरावे लागते.

बुधवार, कार्बरी

किल्डेअर काउंटीच्या वायव्य टोकाला, सपाट कुरणे आणि दलदलीचा प्रदेश यांच्या मध्ये एक एकाकी टेकडी आहे आणि तिच्या कडेवर कार्बरीचा पडका वाडा. वरून छप्पर गेले आहे, पण धुराड्यांचे उंच खांब अजून उभे आहेत. गवत कमरेएवढे वाढले होते. वारा इतका जोराचा होता की लेकीशी बोलायला ओरडावे लागत होते.

हे कॉली कुटुंबाचे ठिकाण. आपण ज्यांना वेलस्ली म्हणतो ते पुरुषपरंपरेने कॉलीच आहेत. आठव्या हेन्रीच्या काळात रॉबर्ट कॉली हा कायदेपंडित आयर्लंडमध्ये वरच्या न्यायपदावर पोहोचला, आणि राजसत्तेची चाकरी व जप्त झालेल्या जमिनी यांच्या आधारावर कुटुंब वाढत गेले. खरे वेस्ली किंवा वेलस्ली घराणे वेगळे होते. ते मूळचे सॉमरसेटचे, नॉर्मन काळानंतर मीथ काउंटीत स्थिरावलेले. मीथमधील डँगनचे गॅरेट वेस्ली हे संगीतकार गॅरेट यांच्या आधीच्या पिढीतले. त्यांना मूलबाळ नव्हते. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाच्या परंपरेत असे सांगतात की, त्यांनी आधी इंग्लंडमधील एका दूरच्या नातलगाच्या मुलाला, म्हणजे पुढे भजनकार म्हणून विख्यात झालेल्या चार्ल्स वेस्लीला, वारस होण्याविषयी विचारले होते आणि त्याने नकार दिला. १७२८ मध्ये मालमत्ता रिचर्ड कॉली या नातलगाकडे गेली. अट एकच होती, आडनाव बदलायचे. आपल्याकडील संस्थानिक घराण्यांत दत्तकविधान होत असे, त्याच जातीचा हा व्यवहार आहे. चार्ल्सने होकार दिला असता तर वसईच्या तहावर दुसऱ्याच कोणाचे नाव असते, हा विचार त्या टेकडीवर वारंवार मनात आला. रिचर्ड कॉली वेस्ली १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन झाला. संगीतकार गॅरेट हा त्याचा मुलगा. जुने ‘वेलस्ली’ हे रूप आर्थरने पुन्हा धारण केले ते १७९८ च्या सुमारास, म्हणजे रिचर्ड भारतात येत असतानाच.

बॉइन नदी याच टेकडीच्या पायथ्यापासून निघते. नेक्टनच्या विहिरीजवळ जाण्याची मनाई असताना बोअन नावाची देवी तिच्याभोवती फिरली, पाणी उसळून तिच्यामागे धावले आणि त्याची नदी झाली, अशी तेथील पुराणकथा आहे. ती विहीर खासगी आवारात असल्याने आम्ही रस्त्यावरूनच परतलो.

गुरुवार, ट्रिम आणि डँगन

कार्बरीजवळ उगवलेली बॉइन ट्रिमला पोहोचते तेव्हा चांगली रुंद झालेली असते. हे गाव नदी पायी ओलांडण्याच्या जुन्या उतारावर वसले असून त्या उतारावर नजर ठेवण्यासाठी ह्यू द लेसी याने बाराव्या शतकात बांधायला घेतलेला किल्ला आयर्लंडमधील सर्वांत मोठा नॉर्मन किल्ला आहे. मधल्या बुरुजाला वीस कोन आहेत. त्याच्या माथ्यावर नेणारा जिना अरुंद आहे, पण वरून नदी, पलीकडच्या मठाचा उरलेला पिवळसर मनोरा आणि गावाच्या टोकाचा वेलिंग्टनचा स्तंभ हे सगळे एका नजरेत येते.

नदीपलीकडच्या टॅल्बट कॅसलमध्ये त्या काळी शाळा भरत असे आणि आर्थर लहानपणी तेथे शिकला असे सांगतात. गॅलिव्हरच्या सफरी लिहिणारा जोनाथन स्विफ्ट जवळच्या लॅराकोरचा पाद्री होता आणि या टॅल्बट कॅसलची मालकीही काही काळ त्याच्याकडे होती, पण तो या घराण्याच्या आधीच्या पिढीतला. आर्थरची पहिली राजकीय पायरीही ट्रिमच. १७८९ मध्ये आयरिश संसदेतील थोर वक्ता हेन्री ग्रॅटन याला गावचे मानद नागरिकत्व द्यावे असा ठराव आला असता वीस वर्षांच्या आर्थरने नगरपालिकेत उभे राहून त्याला विरोध केला. पुढच्याच वर्षी तो ट्रिमचा प्रतिनिधी म्हणून डब्लिनच्या संसदेत गेला. ही जागा घराण्याच्या मुठीतच होती.

गावाच्या कडेला १८१७ चा स्तंभ आहे. वर आर्थरचा पुतळा. तेथे बसून मी लेकीला असईची हकिकत सांगितली, कारण आमचे मूळ गाव जालना जिल्ह्यातले आणि केळणा व जुई या नद्यांचा संगम मी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पाहिलेला आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थरसमोर केळणेपलीकडे शिंदे-भोसल्यांची फौज उभी होती. नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत होते. आमनेसामनेच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे त्याला दिसली. गावे अशी समोरासमोर असतील तर ये-जा असणारच आणि ये-जा असेल तर उतारही असणार, असा तर्क बांधून त्याने फौज तिकडे वळवली आणि उतार सापडला. लढाई त्याने जिंकली, पण तिची किंमत भयंकर होती. त्याच्या बाजूची मेलेली, जखमी आणि बेपत्ता माणसे जवळपास १,६०० होती. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. त्यांच्यावरून शत्रू पुढे निघून गेल्यावर काहीजण उठून पुन्हा तोफा डागू लागले. आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती, असे म्हातारपणी विचारले असता आर्थरने वॉटर्लूचे नाव न घेता ‘असई’ एवढेच उत्तर दिले. ट्रिमच्या स्तंभाखाली हे सांगताना मला त्या अनाम गोलंदाजांचा अभिमान वाटला, आणि त्यांच्या नावाचा असा स्तंभ कोठेच नाही याचे दुःखही झाले.

दुपारी डँगनला गेलो. ट्रिमहून समरहिलच्या बाजूला थोडे अंतर गेले की शेतांच्या मध्ये दर्शनी भिंतींचा एक मोठा सांगाडा दिसतो. ही खासगी जमीन आहे, म्हणून शेतमालकाची परवानगी घेतली. त्यांनी फाटक उघडून दिले आणि भिंतींच्या अगदी जवळ जाऊ नका एवढे बजावले. खिडक्यांच्या जागी आता नुसते आकाश आहे. आसपास गुरे चरत होती. दूर शेतात उद्यानाच्या काळचे दगडी स्तंभ उभे आहेत.

हे उद्यान एके काळी आयर्लंडभर गाजलेले होते. १७४८ मध्ये मेरी डेलेनी ही विदुषी येथे पाहुणी आली. तिच्या पत्रात तळ्याचे, त्यातील जहाजांचे आणि काठावरील छोट्या किल्ल्याचे वर्णन आहे. तिचा तेरा वर्षांचा धर्मपुत्र गॅरेट, म्हणजे पुढचा संगीतकार, त्या किल्ल्याचा गव्हर्नर आणि आरमाराचा मुख्य होता. तिच्या स्वागतासाठी त्याने सगळी निशाणे चढवली, मात्र तोफांच्या सलामीला तिने नकार दिल्यावर तो हिरमुसला. त्याच मुलाच्या दोन मुलांनी पुढे खरे किल्ले घेतले. गुरांच्या शेणाने भरलेल्या त्या माळावर उभे राहून हे पत्र आठवले तेव्हा अंगावर काटा आला, कारण नगरच्या भुईकोट किल्ल्यातले १२ ऑगस्ट १८०३ चे निशाणही माझ्या डोळ्यांसमोर होते.

रिचर्डचा जन्म १७६० मध्ये याच घरात झाला, आणि तोच ते विकून मोकळा झाला. वडिलांची कर्जे फेडायची होती, धाकट्या भावांना मार्गी लावायचे होते आणि त्याचे लक्ष लंडनकडे लागले होते. १८०३ मध्ये, म्हणजे असईच्या वर्षीच, घर रॉजर ओ’कॉनर या क्रांतिकारी वृत्तीच्या माणसाकडे भाडेपट्ट्याने गेले आणि १८०९ मध्ये जळाले. घराणे ज्या काळात दख्खनमध्ये आणि हिंदुस्तानात कीर्ती मिळवीत होते, त्याच काळात त्याचे मूळ घर परक्या हातांत जाऊन नाहीसे झाले. माझ्या मते या घराण्याची किल्ली येथेच आहे. आयर्लंडमधील जमीन या पाच भावांना पोसू शकत नव्हती आणि त्या जमिनीशी त्यांचे नातेही पातळ झाले होते. विल्यमने एका नातलगाची बॅलिफिनची मालमत्ता मिळवण्यासाठी नावापुढे ‘पोल’ जोडले, जेराल्ड धर्मगुरू झाला आणि हेन्री रिचर्डचा चिटणीस म्हणून भारतात येऊन पुढे राजदूत झाला. टिपूच्या पाडावानंतर रिचर्डने लुटीतील एक लाख पौंडांचा वाटा नाकारला हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण बक्षीस म्हणून १७९९ मध्ये आयरिश सरदारकीतील मार्क्वेस ही पदवी मिळाली तेव्हा तो संतापला. त्याला इंग्लंडची पदवी हवी होती. सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा, असे त्याने त्या मानाचे वर्णन केले. ज्या देशात जन्मलो, ज्या देशाच्या खंडावर वाढलो, त्या देशाची पदवी त्याला बटाट्याच्या किमतीची वाटली.

शुक्रवार, टलिनॅली

वेस्टमीथ काउंटीत कॅसलपोलार्डजवळ पाकेनहॅम घराण्याचा टलिनॅली हा वाडा आहे. डँगन पाहून आल्यावर हा वाडा पाहणे आवश्यक होते, कारण घराणे टिकते तेव्हा काय टिकते ते येथे कळते. गॉथिक बुरुज, मोठे स्वयंपाकघर, उंच बीच वृक्षांची रांग, आणि अजूनही तेच कुटुंब येथे नांदते. आर्थरने १७९३ मध्ये या घरातील किटी पाकेनहॅमला मागणी घातली. कर्जबाजारी धाकट्या मुलाला तिच्या भावाने नकार दिला. त्यानंतर आर्थरने आपली व्हायोलिने जाळून टाकली आणि पुन्हा कधी वाजवले नाही, असे सांगतात. वडिलांकडून आलेला संगीताचा वारसा तेथेच खुंटला. भारतातून कीर्ती आणि पैसा घेऊन परतलेल्या आर्थरला त्याच कुटुंबाने १८०६ मध्ये होकार दिला आणि १० एप्रिलला डब्लिनमध्ये लग्न झाले. मधल्या काळात दोघांची भेट झालेली नव्हती. ते लग्न सुखाचे झाले नाही, आणि त्यात किटीने जे सोसले ते तिच्या नवऱ्याच्या चरित्रांत फार थोड्या जागेत उरकले जाते. बागेतील तळ्याकाठी आम्ही डबा खाल्ला आणि पावसामुळे लवकर निघालो.

शनिवार, मॉर्निंग्टन

ड्रोहेडाच्या पुढे बॉइन समुद्राला मिळते. दक्षिण काठावर मॉर्निंग्टन नावाचे लहानसे गाव आहे. भाटीचा रुंद चिखल, वाळूच्या टेकड्या आणि गलबतांना खूण म्हणून सोळाव्या शतकात बांधलेला उंच चौकोनी मनोरा, इतकेच काय ते पाहण्यासारखे. या गावाच्या नावाने घराण्याला बॅरन आणि नंतर अर्ल या पदव्या मिळाल्या. कार्बरी, ट्रिम आणि मॉर्निंग्टन ही नावे नकाशावर जोडली की उगमापासून मुखापर्यंत एकच नदी उमटते, आणि या घराण्याच्या जवळजवळ तीनशे वर्षांच्या खटपटी तिच्याच काठाने झालेल्या दिसतात.

मनोऱ्याजवळ एक वृद्ध गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. वेलिंग्टनविषयी विचारताच, तो इंग्रजांचा माणूस, असे ते म्हणाले. कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या डॅनियल ओ’कॉनेलने १८४३ मध्ये जाहीर सभेत हेच अधिक बोचऱ्या शब्दांत सांगितले होते की, तबेल्यात जन्मला म्हणून माणूस घोडा होत नाही. पुढे हे वाक्य लोकांनी खुद्द आर्थरच्याच तोंडी घातले. कॅथलिकांच्या हक्कांचा कायदा आर्थरने मंजूर करवला, त्यासाठी मार्च १८२९ मध्ये एका सरदाराशी द्वंद्वयुद्धही केले, तरीही ओ’कॉनेलने त्याला आपला मानले नाही. कायदा त्याने यादवीच्या भीतीने केला होता, हे ओ’कॉनेल पुरते ओळखून होता, आणि माझ्या दृष्टीने त्याचा न्याय बरोबर होता.

रिचर्डची मार्क्वेस पदवी १८४२ मध्ये औरस वारसाअभावी त्याच्याबरोबर संपली. मॉर्निंग्टनची अर्लकी विल्यमकडे गेली, त्याच्या उधळ्या मुलाने इंग्लंडमधील बायकोची प्रचंड मालमत्ता धुळीला मिळवली, आणि नातू १८६३ मध्ये निपुत्रिक वारल्यावर ती आर्थरच्या मुलाकडे आली. आज वेलिंग्टनच्या ड्यूकच्या थोरल्या मुलाचा थोरला मुलगा या गावाचे नाव लावतो. आम्ही भरती येईपर्यंत किनाऱ्यावर थांबलो आणि ड्रोहेडाहून संध्याकाळच्या गाडीने डब्लिनला परतलो.